दौलतराव पुन्हा पाण्यावर

नूतन भोईर यांना समोरच्याचं वाक्य अर्ध्यातच झेलायची सवय होती. माणूस म्हणायचा, "मॅडम, मला जरा..." की नूतनताई म्हणायच्या, "बसायचंय ना, बसा." तो म्हणायचा, "नाही, मी म्हणत होतो की..." "एक्स-रे घरी राहिला. हरकत नाही, उद्या आणा." दहातल्या सात वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघायचा. उरलेल्या तीन वेळा माणूस भिडेपोटी आपल्याला तेच म्हणायचं होतं असं मानून घ्यायचा. त्यामुळे आपण कधी चुकतच नाही, अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत झाली होती. घरी नवरा दिपेश गेली बावीस वर्षं वाक्यात कर्त्याच्या पुढे फारसा जात नसे. क्रियापद बायको लावील, हे त्याला ठाऊक होतं.

अंबरनाथ पूर्वेला एका ट्रस्टचं फिजिओथेरपी केंद्र आहे. ज्यांना पाय उचलवत नाहीत अशांसाठीचं हे केंद्र पहिल्या मजल्यावर का, ते ट्रस्टलाच माहीत. तिथे जिन्याला लागून नूतनताईंचं टेबल. पाटीवर इंग्रजीत लांबलचक हुद्दा होता, पण पेशंट त्यांना 'कामावरच्या ताई' म्हणत. आजारातून उठलेल्या माणसाला परत कामावर नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात डॉक्टर म्हणतात हलकं काम करा, मालक म्हणतो आमच्याकडे हलकं कामच नाही, घरचे म्हणतात अजून महिनाभर राहू दे, आणि पेशंट एक तर म्हणतो उद्यापासून जातो, नाहीतर म्हणतो आता कधीच जाणार नाही. ह्या चौघांच्या सह्या एका कागदावर आणायच्या. त्यासाठी फिजिओकडून आठवड्याचं वेळापत्रक, डॉक्टरांकडून दाखला, मालकाकडून सवलत आणि घरच्यांकडून धीर, असं सगळीकडून थोडं थोडं गोळा करत त्या उल्हासनगर ते बदलापूर फिरत असायच्या.

आणि त्या हे काम चांगलं करायच्या, हेही सांगायला हवं. उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या जिजाला पाठीच्या ऑपरेशननंतर सलग बसता येईना. नूतनताईंनी तिच्यासाठी तासाभराने उठून तयार पँट्स तपासायचं काम मागितलं. शेठने ऐकवलं, "मॅडम, धंधा है, आश्रम नहीं." पंधरा दिवसांनी त्याच शेठचा फोन आला की माल परत येणं कमी झालंय, अशी पाठदुखीवाली आणखी कोणी आहे का. ही गोष्ट नूतनताई आल्यागेल्याला सांगायच्या. दिपेशला ती पाठ होती.

दौलतराव शेलार त्यांच्याकडे आले ते चैत्रात. दौलतराव बदलापुरात पाणीखात्यात वॉलमन होते, सव्वीस वर्षं. छातीइतकी उंच लोखंडी चावी सायकलला बांधून ते फिरायचे, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढून चावी आत घालायचे, फेरे द्यायचे, आणि मग बेलवलीतल्या कुठल्यातरी गल्लीत नळ खुरखुरू लागायचे. डोळ्यांदेखत गावाचं शहर झालं, शेतांवर सात-सात मजले चढले. पण जमिनीखाली कोणती लाइन कुठे वळते आणि कोणता वॉल किती फेऱ्यांनी उघडतो, हे एकाच ठिकाणी नोंदलेलं राहिलं, आणि ते ठिकाण म्हणजे दौलतरावांचं डोकं. नकाशा करू या म्हणणारे चार साहेब आले आणि बदलून गेले. दौलतराव प्रत्येकाला म्हणाले, "करू की साहेब."

दिवाळीनंतर एका सकाळी चावी फिरवताना त्यांच्या हातातून ती सुटली आणि ते चेंबरशेजारीच बसले. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती. "एक लाइन चोकअप झालीय," असं डॉक्टरांनी समजावलं, तेव्हा वॉर्डातल्या कोणाहीपेक्षा दौलतरावांना ते जास्त कळलं. फक्त कळलंय असं सांगता येईना. पाय पाच महिन्यांत बराच सुधारला. उजव्या हातात जोर नव्हता, आणि शब्द गेले होते. म्हणजे होते आत, पण बाहेर येताना भलताच शब्द पुढे घुसायचा.

त्यांची बायको तुळशीबाई रिपोर्टांची पिशवी घेऊन शेजारी बसली. नूतनताईंनी वही उघडली. "काय दौलतराव, पुढचं काय ठरवलंय?"

दौलतराव म्हणाले, "मला... पोळी..."

"भूक लागली. लागणारच, जिना चढून आलात." नूतनताईंनी लगेच खालून वडापाव मागवला.

दौलतरावांनी मान हलवली. डावा हात उचलून म्हणाले, "पोळी... फिर..."

"पोळी नको, फिरायला जावंसं वाटतं. छान. चालणं चांगलंच." असं म्हणत नूतनताईंनी वहीत लिहिलं : पेशंटला कामाची घाई नाही. फिरण्याची आवड.

दौलतरावांना वाचता येत होतं. त्यांनी ओळ वाचली, डाव्या हाताने पेन घेतलं आणि ती अशी खोडली की खालची तीन पानं फाटली. मग ते उठले आणि एकेक पायरी करत जिना उतरून गेले. तुळशीबाई पिशवी सावरत मागोमाग गेली. वडापाव टेबलावर राहिला. "पेशंटचा मूड असतो एकेक," असं नूतनताई स्वतःशीच म्हणाल्या आणि गार होऊ नये म्हणून त्यांनी तो खाल्ला.

केंद्रात विनिता नावाची मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. बोलणं गेलेल्यांना बोलायला शिकवणं हा तिचा पेशा, आणि भीड नावाची गोष्ट तिला कोणी शिकवली नव्हती. तिने ती फाटलेली पानं पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, 'पोळी' म्हणताना त्यांचा हात काय करत होता?"

"हात? मी लिहीत होते ग."

"मूठ फिरवत असणार. त्यांना चावी म्हणायचं होतं. मला चावी फिरवायचीय, असं ते सांगत होते. तुम्ही त्यांना जेवायला घातलंत."

नूतनताई पहिल्यांदाच गप्प झाल्या. विनिताने त्याचा फायदा घेतला. "त्यांना सगळं समजतं. शब्द आत आहेत, फक्त सापडायला वेळ लागतो. तो हाताशी येतो तेवढ्यात तुम्ही तुमचा टाकता, मग त्यांचा पळतो. विचारायचं, आणि मनात दहापर्यंत मोजायचं. मगच बोलायचं."

"दहा?"

"तुम्ही वीस मोजा."

नूतनताईंनी सराव घरी सुरू केला. संध्याकाळी दिपेश म्हणाला, "आज कंपनीत..." आणि नेहमीप्रमाणे थांबला. पुढचं आलं नाही. त्याने वर पाहिलं. बायको हातात लसूण धरून त्याच्याकडे बघत होती, ओठ किंचित हलत होते. तो हळूच म्हणाला, "तुला बरं नाही का?" ती सतराला पोचली होती.

दोन दिवसांनी त्या बदलापूरला पाण्याच्या ऑफिसात गेल्या. तिथले इंजिनीअर राजरत्न साहेब खरं तर त्यांचीच वाट बघत होते. उन्हाळा तापायला लागला होता, पाणी काटकसरीने सोडायचं होतं, आणि कुठला वॉल कशाचा ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. दौलतरावांच्या जागी रविना म्हणून वांगणीकडची एक बाई बदलीवर घेतली होती. आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकलेली, दोन मुलांची आई, दंडात ताकद. पण चावी फिरवली की पाणी जायचं कुठे आणि भांडण यायचं कुठून, याचा मेळ लागत नव्हता. पाच महिन्यांत बेलवलीतल्या बायकांनी तिला इतकं बोलून घेतलं होतं की ती आता रस्त्याने मान खाली घालूनच चालायची.

"दौलतराव हवेत मॅडम," राजरत्न म्हणाले. "पण हात चालत नाही, तर त्यांना देऊ काय?"

नूतनताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नकाशा. हाताला ताण नाही, उन्हात फिरणं नाही, पंख्याखाली टेबलाशी बसायचं आणि डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं. त्यांनी तिथल्या तिथे टेबल निवडलं, खुर्चीला हात आहेत ना ते पाहिलं, खिडकीची जागा मागून घेतली. सोमवारी बैठक ठरवली. ह्या सगळ्यात दौलतरावांना विचारायचं तेवढं राहिलं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण उत्तर त्यांना माहीत होतं.

सोमवारी सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग काय, दौलतराव?" आणि मोजायला लागल्या. दोनपर्यंत पोचल्या असतील.

"नाही," दौलतराव म्हणाले. पाच महिन्यांत इतका स्वच्छ शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. विनिताने ऐकला असता तर वहीत टिक केली असती.

नूतनताईंना राग आला. एवढी धावपळ करून, एवढी चांगली खुर्ची मिळवून हे फळ. त्या बाहेर व्हरांड्यात आल्या, मागून तुळशीबाई आली.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "आमच्याकडं माणसं यायची ती पाण्यासाठी. दौलतराव, उद्या पूजा हाये, जरा जास्त सोडा. दौलतराव, आमच्या टोकाला येतच नाय. दारात चपला असायच्या रोज. आता पाच महिने झाले, कोण फिरकत नाय. सगळं कागदावर काढून दिलं की मग ह्यांना कोण इचारणार?"

नूतनताईंच्या जिभेवर कायदा तयार होता. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी माणसाला काढता येत नाही, झेपेल असं दुसरं काम द्यावं लागतं. त्याची झेरॉक्स त्यांच्या पर्समध्ये कायम असायची, इतक्या टेबलांवर फिरलेली की तिला चहाचा रंग आला होता. पण तुळशीबाईने कायदा विचारलाच नव्हता. त्यांनी वीसपर्यंत मोजलं आणि तोवर बोलण्यासारखं काही उरलं नाही. परत येताना रिक्षात त्यांना एक नको तो विचार आला. अकरा वर्षांत आपण किती जणांना कामावर सोडलं ते वहीत आहे, पण त्यातले किती जण आपल्याच वाक्याला नुसती मान डोलावून गेले, ते कुठे आहे?

त्या आठवड्यात त्या शेलारांच्या घरी गेल्या. वही पर्समधून काढली नाही. दौलतराव उंबऱ्याशी खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसले होते. तुळशीबाई तांदूळ निवडत होती.

"माझं चुकलं," नूतनताई म्हणाल्या. त्यांना ते फार जड गेलं. "तुम्हाला काय हवंय ते मी विचारलंच नाही. आता विचारते. काय हवंय?"

वीस झाले. चाळीस झाले. कुकरची एक शिट्टी झाली. दौलतरावांचे ओठ हलले, थांबले. नूतनताईंना तीन उत्तम वाक्यं सुचली, तिन्ही त्यांनी गिळली. दुसरी शिट्टी झाली.

"हात," दौलतराव म्हणाले. उजव्या हाताकडे बघून त्यांनी तो डाव्याने बाजूला सारला. रस्त्याकडे बोट केलं. "तिचा." बऱ्याच वेळाने कपाळावर टिचकी मारली. "डोकं... माझं." मग धडाधड दोन शब्द आले. "टेबल नाही."

नूतनताईंनी श्वास घेतला. "चावी रविना फिरवणार. तुम्ही रस्त्यावर उभं राहून सांगणार. टेबलाशी बसणार नाही. असंच ना?"

"हो."

"आणि नकाशा?"

दौलतरावांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. उजवी अजून तेवढी तयार नव्हती. "हळू," ते म्हणाले.

पुढचे दहा दिवस नूतनताईंचे खरे दिवस होते. मेंदूच्या डॉक्टरांकडून दाखला आणला : रोज दोन तासांपासून सुरुवात, दर पंधरवड्याला एक तास वाढ. फिजिओने अटी लिहून दिल्या : झाकण उचलायचं नाही, ऊन चढायच्या आत घरी, अर्ध्या तासाने बसायचं. ऑफिसातल्या हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहत सांगितलं की असं पद आमच्या यादीत नाही. चहाच्या रंगाची झेरॉक्स बाहेर आली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि 'मार्गदर्शक' हे नाव स्वतःच सुचवलं. राजरत्न साहेबांनी सही केली. विनिताने बोलण्याला मदत म्हणून चित्रांची कार्डं दिली. त्यात नळाचं, सफरचंदाचं आणि बदकाचं चित्र होतं. दौलतरावांनी बदक पाहिलं आणि कार्डं तिच्या पर्समध्ये परत घातली.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला रविना चावी घेऊन, दौलतराव टोपी घालून आणि नूतनताई पाण्याची बाटली घेऊन पहिल्या चेंबरपाशी उभ्या राहिल्या. इथे एक गंमत कळली. दौलतरावांना 'अकरा' म्हणता येत नव्हतं, पण एकपासून मोजत निघालं की अकरापर्यंत ते न अडखळता जात. विनिता म्हणाली होती की पाठ झालेलं असं वेगळ्या वाटेने येतं. रविना चावी फिरवायची, दौलतराव मोजायचे, आणि आकडा आला की डावा हात वर करायचे. तीन वॉल झोकात झाले.

चौथ्यापाशी दौलतराव म्हणाले, "उजवा." तिथे दोन चेंबर होते. रविनाने उजवा उघडला. दौलतराव कपाळाला हात लावून ओरडले, "उजवा, उजवा," आणि बोट डावीकडे दाखवू लागले. ते कळेपर्यंत चुकीच्या लाइनला चांगली वीस मिनिटं पाणी गेलं. पलीकडच्या गल्लीत, जिथे पाळी दुसऱ्या दिवशीची होती, तिथे बायका हंडे, बादल्या, मुलांचा टब असं मिळेल ते घेऊन धावल्या. एकीने वळणावर येऊन पाहिलं. "अगं बाई, दौलतराव आलेत," तिने मागे हाक दिली. पाच मिनिटांत आठ-दहा जणी जमल्या. कोणी तब्येत विचारली, कोणी ताक आणलं, आणि एकीने तेवढ्यात आपल्या टोकाला पाणी कमी येतं हेही सांगून घेतलं. दौलतरावांनी ताक घेतलं आणि नूतनताईंकडे पाहिलं. चूक झाली होती, पण तिचं त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

राजरत्न साहेबांना मात्र वाईट वाटलं होतं. त्यांनी संध्याकाळी फोन केला, "मॅडम, हे जमेल ना?"

नूतनताईंनी 'जमेल' म्हणण्याआधी मोजलं. मग म्हणाल्या, "माहीत नाही. पंधरा दिवस द्या." असं त्या कोणत्याही मालकाला आजवर बोलल्या नव्हत्या.

उपाय रविनाने काढला. तिने सगळ्या चेंबरांचे फोटो मोबाइलवर काढले, छापून आणले, आणि मागे आपल्या अक्षरात खुणा लिहिल्या : पिंपळाजवळचा, गिरणीसमोरचा, तुटक्या झाकणाचा. ही कार्डं मात्र दौलतरावांनी खिशात ठेवली. शब्द चुकला तर ते फोटो पुढे करत. डावं-उजवं त्यांनी बोलणंच सोडलं. रविना आता तोंडाकडे न बघता हाताकडे बघायला शिकली. "शेलारकाका, हा नऊ फेऱ्यांचा ना?" तिने विचारावं, काकांनी एकपासून मोजत नवावर यावं, मान हलवावी, आणि पुढे जाऊन दहावा अर्धाच घ्यायचा असं बोटाने दाखवावं. रोज अशा दोन-तीन गोष्टी ती वहीत टिपून घ्यायची. नकाशा असा रस्त्यावर तयार झाला. कोणी टेबलाशी बसलं नाही. खिडकीजवळची ती खुर्ची शेवटी हेडक्लार्कनी घेतली.

जून लागेपर्यंत दौलतराव पाच तासांवर आले, सकाळी तीन आणि ऊन उतरल्यावर दोन. 'चावी' हा शब्द एके दिवशी आपोआप आला आणि तुळशीबाईने त्या दिवशी पोळ्याच केल्या, पुरणाच्या. रविनाची मान वर झाली. एकसष्ट वॉलचा नकाशा राजरत्न साहेबांच्या भिंतीवर लागला, खाली दोघांची नावं. तो बघायला नूतनताई गेल्या, तेव्हा परतताना त्यांनी दौलतरावांना सहज विचारलं, "सगळे आले ना ह्यात?"

दौलतरावांनी एकपासून मोजायला सुरुवात केली. ही सवय आता लागलीच होती. एकसष्टावर आले, थांबले नाहीत. "बासष्ट. त्रेसष्ट." मग थांबले आणि आभाळाकडे बघू लागले, पाऊस येतोय का म्हणून.

नूतनताईंना पुढचं वाक्य अगदी नीट दिसत होतं. त्यांनी ते दौलतरावांकडेच राहू दिलं. रिपोर्टात लिहिलं : काम समाधानकारक, पेशंट हळूहळू माहिती देत आहे.

श्रावणात एका मंगळवारी, म्हणजे दौलतरावांच्या व्यायामाच्या दिवशी, केंद्रात फोन वाजला. नूतनताईंनी उचलला, "हॅलो," म्हणाल्या. पलीकडे कोणी बोलेना. श्वास ऐकू येत होता, लांब कुठेतरी ट्रक जात होता. फोनवर हात दिसत नाहीत, फोटो दाखवता येत नाहीत, म्हणून दौलतराव फोन कधी घेत नसत. नूतनताईंनी खुर्ची ओढली आणि निवांत बसल्या.

"आज," शेवटी आवाज आला, "येत... नाही."

"बरं."

"मेन... लाइन... फुटली." मग बराच वेळ गेला, आणि मागून रविनाची हाक ऐकू आली. "काम... आहे."

फोन बंद झाला. नूतनताईंनी हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि शेलार यांच्या नावापुढे गैरहजर लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.